भीती, प्रेम आणि साधना: गुरुवारच्या भजनानंतर हमखास विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात वडगावच्या आमच्या गल्लीत दर गुरुवारी संध्याकाळी भजन असतं. आरती होते, फुटाणे-खडीसाखर हातावर पडते, आणि चपला शोधता शोधता कुणीतरी हळूच जवळ येतं, "बाई, जरा एक विचारायचं होतं." मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. महाराज नाही, डॉक्टर तर नाहीच. खरं (आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये) तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून एकदा उत्तरं लिहून ठेवते.

रोज पोथी वाचते, तरी भीती वाटते. माझी श्रद्धा कमी पडते का?

नाही. पोथी म्हणजे विम्याचा हप्ता नव्हे. पतंजलींनी माणसाला छळणारे पाच क्लेश सांगितलेत, त्यातला शेवटचा अभिनिवेश, म्हणजे जिवाला चिकटून राहणं, मरणाचं भय. तो विद्वानालाही सुटत नाही, हेही त्यांनी तिथंच सांगून ठेवलंय. मग तुमची-माझी काय कथा!

आणि सगळी भीती घालवायचीही नसते. खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलाला लागून असलेल्या गावातला माणूस पहाटे शेतावर जाताना अस्वलाला भितो, ते शहाणपण आहे. आपण बोलतोय ते त्या भीतीबद्दल, जी अस्वल नसतानाही उशाशी बसून असते.

"प्रेमानं भीती जाते" म्हणतात. म्हणजे नेमकं होतं काय?

माझ्यापुरतं सांगते. 2019 चा ऑगस्ट. पाऊस थांबायचं नाव नाही, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय सगळ्या फुगलेल्या, आणि आमच्याकडच्या सखल गल्ल्यांत नाल्याचं पाणी शिरलेलं. रात्री घरात पाणी आलं, तेव्हा पहिल्यांदा विणायच्या मागाखालच्या रंगीत सुताच्या कांड्या तरंगत सोप्यात आल्या. हिरव्या, राणी कलरच्या. मला पाण्याची भीती लहानपणापासूनची. मी जिन्याच्या पायरीवर बसले ती उठेनाच. रामरक्षा तोंडपाठ, खरं दुसरी ओळ आठवेना.

शेजारच्या कन्नड घरातल्यांनी आम्हाला त्यांच्या माळ्यावर नेलं. तिथल्या अज्जीनं तिची चार वर्षांची नात माझ्या मांडीत टाकली आणि ती खाली धान्याचे डबे वर काढायला गेली. पोरीचे दात वाजत होते. मी वाकळ तिच्याभोवती गुंडाळली, ओले केस पदरानं टिपले आणि अज्जी म्हणत होती तेच म्हणायला लागले, "हेदरब्याड, हेदरब्याड." भिऊ नको. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की माझे हात कापायचे थांबलेत. पाणी कमी झालं नव्हतं, उलट एक पायरी वर आलं होतं.

भीतीचं सगळं खाणं एकच: 'माझं काय होईल?' त्या पोरीनं माझं लक्ष त्या ताटावरून उचललं, एवढंच झालं. बृहदारण्यक उपनिषदात एक गोष्ट आहे. सुरुवातीला प्रजापती एकटाच होता, आणि त्याला भीती वाटली. मग त्यानं विचार केला, माझ्याशिवाय दुसरं कुणीच नाही, तर मी भितो कुणाला? भीती गेली. भय येतं ते दुसऱ्यापासून, असं तिथं म्हटलंय. आता आपल्यासारख्यांना 'दुसरं कुणी नाहीच' हे पटायला सात जन्म लागतील. पण समोरचा परका राहिला नाही, की तेवढ्यापुरतं ते खरं होतं. मांडीतली पोर परकी नव्हती, घर परकं नव्हतं, भाषासुद्धा त्या रात्री परकी नव्हती.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी अभयापासून सुरू होते. त्यावर ज्ञानोबा फार घरगुती बोलतात. ज्यानं पुरात उडीच घेतली नाही त्याला बुडायची धास्ती नसते, पथ्य सांभाळणाऱ्याच्या घरी रोगाची मोजदाद नसते. तसं 'मी केलं, माझं झालं' हे जो उठू देत नाही, त्याचा संसाराचा धाक सुटतो. आमच्या घरात तर पूर स्वतःहून आला होता, ती गोष्ट वेगळी. पण 'मी'च्या पुरात उडी मारायची की नाही, ते त्या रात्रीही माझ्याच हातात होतं.

उलट प्रेम असल्यामुळंच भीती वाटते. मुलगा पुण्याला आहे, रात्री फोन उचलला नाही की पोटात गोळा येतो. त्याचं काय?

सगळ्यांत खरा प्रश्न हाच. कितीतरी वर्षं माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही अर्धंच आहे.

एका बाईंनी मला सांगितलं, मुलाला एका रात्रीत अकरा वेळा फोन लावला. तो नाईट शिफ्टला होता, फोन लॉकरमध्ये. मी विचारलं, "अकरावा फोन कुणासाठी होता?" त्या गप्प झाल्या आणि मग हसल्या. पहिला मुलासाठी असेल, अकरावा स्वतःच्या छातीतली धडधड शांत व्हावी म्हणून. प्रेमात मोह असा मिसळलेला असतो, दुधात पाणी असावं तसा, डोळ्यांना दिसत नाही. 'तो बरा असो' हे प्रेम. 'तो बरा आहे हे मला आत्ताच्या आत्ता कळलंच पाहिजे' हा मोह.

मग करायचं काय? एक फोन लावा. नाही उचलला तर फोन पालथा ठेवा आणि मुलाचं नाव घेऊन मनात म्हणा, "बरा अस." मग त्याच्या खोलीतल्या दुसऱ्या पोराचं नाव घेऊन तेच. मग त्या पोराच्या आईसाठी, जी कुठंतरी अशीच जागी असेल. मग रात्रीच्या एस्टीच्या ड्रायव्हरसाठी. वर्तुळ वाढवत न्यायचं. ही माझी युक्ती नाही. बौद्ध परंपरेत कथा आहे की जंगलात साधनेला गेलेले भिक्खू तिथल्या वृक्षदेवतांना घाबरून परत आले, तेव्हा बुद्धांनी त्यांना शस्त्र दिलं नाही की गंडा-ताईत दिला नाही. मैत्रीभावना शिकवली आणि त्याच जंगलात परत धाडलं. जे भिववतंय त्याचंच भलं चिंतायचं!

याने गोळा पूर्ण जातो का? माझा जात नाही. लहान होतो. झोप लागण्याइतका लहान होतो.

रोज करायचं काय? नेमकं सांगा.

पहाटे चारला उठा वगैरे मी सांगणार नाही. विणकराच्या घरात माग रात्री उशिरापर्यंत खटखटत असतो, तिथं ब्राह्ममुहूर्त कुणाला परवडतो? दहा मिनिटं, पण जागा तीच आणि वेळ तीच. तुळशीकट्टा, देवघर, गच्चीची पायरी, काहीही चालेल.

बसल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं फक्त श्वास. घेण्यापेक्षा सोडणं लांब. चार आकडे घ्या, सहा-सात आकडे सोडा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, ही शरीराचीच रचना आहे, त्यात चमत्कार काही नाही. मग नाम. घाबरलेल्या माणसानं ते मनात घ्यायच्या भानगडीत पडू नये, मनात आधीच गर्दी असते. तोंडानं घ्या, कानाला ऐकू येऊ दे. आवाज स्थिर झाला की पुटपुटत, मग ओठ मिटून. जुन्या लोकांनी वाचिक, उपांशू आणि मानस अशा तीन पायऱ्या सांगितल्या त्या उगीच नाहीत. मानस जप श्रेष्ठ मानतात ते ठीक, पण पहिली पायरी सोडून तिसरीवर उडी मारली की माणूस डुलक्या तरी काढतो नाहीतर काळज्या तरी.

शेवटची दोन मिनिटं एका माणसासाठी. रोज नवीन माणूस. मैत्रीची वर सांगितलेली ओळ.

इथपर्यंत सगळे करतात. पुढचं करत नाहीत: ज्याची भीती वाटते त्याच्या जवळ रोज एक पाऊल. मानसोपचारात हे नीट बसवलेलं तंत्र आहे, कारण टाळत राहिलं की भीती पोसली जाते. आमच्यातल्या एकीला स्कूटीवरून पडल्यापासून गोवावेसचा चौक ओलांडता येईना. रिक्षा करून पलीकडं जायची, वीस पावलांसाठी! आम्ही दोघी पहिल्या दिवशी नुसत्या कडेला उभ्या राहिलो आणि ऊसाचा रस पिऊन परत आलो. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या की पाचव्या दिवशी माझा दंड धरून अर्ध्यात गेली आणि मागं फिरली. तोंडानं "दिगंबरा दिगंबरा" चालूच, इतकं मोठ्यानं की वाहतूक पोलीस बघायला लागला. तिसऱ्या आठवड्यात तिनं दंड सोडला. नामानं चौक ओलांडला की पायांनी, असं तिचा नवरा चेष्टेनं विचारतो. ती म्हणते, दोघांनी मिळून.

नाम कुणाचं घ्यावं? गुरू पाहिजेच का?

जे तोंडात रुळलंय ते. आमचा मुलूख या बाबतीत भाग्यवान आहे, हवं ते दार उघडं आहे. पंत महाराज बाळेकुंद्रीकर (1855–1905) बेळगावातच शिक्षक होते, संसारी होते. त्यांच्या पदांच्या संग्रहाचं नावच 'दत्तप्रेमलहरी', आणि बाळेकुंद्रीच्या उत्सवात मिरवतो तो प्रेमध्वज. भीतीवर उपाय शोधणाऱ्यानं त्या नावापाशी जरा थांबावं. अनगोळला कलावती आईंचं हरिमंदिर आहे. आई हुबळीच्या सिद्धारूढ स्वामींच्या शिष्या, लहान पोरांसाठी त्यांनी बालोपासना घालून दिली. हिंदवाडीत गुरुदेव रानड्यांचं मंदिर आहे. ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, जन्म जमखंडीचा, साधना निंबाळला, आणि एवढं शिकून-शिकवून सांगणं काय तर नेमानं नाम घ्या. ऑक्टोबर 1892 मध्ये विवेकानंद बेळगावात राहून गेले. निर्भय व्हा, हे तर त्यांचं पालुपद.

गुरू भेटला तर चांगलंच. मात्र जो भेटल्या भेटल्या तुम्हाला आणखी एक नवीन भीती देतो, तो गुरू नव्हे.

तिकटीवर (तीन वाटा मिळतात तिथं) लिंबू-कुंकू दिसलं, ओलांडलं गेलं. तेव्हापासून घरात काही ना काही चाललंय. करणी असेल का?

घरात काही ना काही कुणाकडं चालत नाही? लिंबू दिसलं त्या दिवसापासून आपण मोजायला लागतो, हा फरक. आधी पडलेलं आजारपण नशिबावर गेलं असतं, आता लिंबावर जातं.

मी स्वतः काय केलं ते सांगते. आमच्या तिकटीवर अमावस्येनंतर लिंबू, हळद-कुंकू, भाताचा गोळा पडलेला असायचा आणि शाळेची पोरं लांबून वळसा घालून चिखलातून जायची. एका सकाळी मी सुपली घेतली, सगळं भरलं, लिंबू तेवढं उचलून घरी आणलं, धुतलं आणि सरबत केलं. सरबत एकटीनंच प्यायले, सासूबाईंनी पेल्याला हात लावला नाही. दिवसभर त्या माझ्याकडं चोरून बघत होत्या. खोटं कशाला सांगू, रात्री दोनला पोटात जरा कळ आली तेव्हा माझ्याही मनात आलंच! (कळ सरबताची नव्हती, मिरची भज्यांची होती.) भीती डोक्यातून गेली तरी पोटातून जायला वेळ लागतो, हे त्या रात्री कळलं.

गमतीचा भाग सोडा. करणीची भीती वाईट एवढ्यासाठी, की ती लगेच माणूस शोधते. कुणी केलं? जावेनं, शेजारणीनं, विधवा चुलतीनं. म्हणजे जिथं प्रेम हवं तिथं पहिली सुरी चालते. देवऋष्याकडं जायला निघालात तर एवढंच बघा, तो कुणाचं नाव घेतो आणि किती पैसे सांगतो. भानामती, जादूटोण्याच्या नावाखाली माणसांना छळणं हा कर्नाटकात 2017 च्या कायद्यानं गुन्हा आहे, महाराष्ट्रात 2013 च्या. हद्दीच्या अलीकडं-पलीकडं कुठंही गेलात तरी सुटका नाही.

उपाय? ज्या माणसावर संशय आहे त्याच्या घरी जाऊन चहा पिऊन या. साखर जास्त असली तरी प्या.

नवस फेडायचा राहिला. देवी कोपेल का? केसांत जट आलीय, ती कापली तर?

यावर मी जरा चिडून बोलते, माफ करा.

सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीच्या डोंगरावर पौर्णिमेला जाणाऱ्या बायका मी लहानपणापासून बघते. भंडाऱ्यानं माखलेल्या, "उधो, उधो" म्हणत दमलेल्या, खरं चेहऱ्यावर माहेरी निघाल्यासारखा आनंद. ती भक्ती. आणि त्याच देवीच्या नावानं जट आली म्हणून पोरीला देवाला सोडलं जायचं, हीसुद्धा याच मुलखातली गोष्ट. कर्नाटकानं त्याविरुद्ध 1982 मध्ये कायदा केला. ती भीती होती, भक्तीचं लुगडं नेसलेली.

जट म्हणजे नीट न विंचरलेले, तेल-मळानं एकमेकांत गुंतून घट्ट झालेले केस. मानेला ओझं होतं, आत उवा होतात, जखमा होतात. कापली तर डोकं हलकं होतं. कापताना भीती वाटली तर देवीसमोर बसून कापा, तिला सांगून कापा. आई लेकीचे केस विंचरते, गुंता सुटला नाही तर कात्री लावते. ती त्यावरून कोपेल कशी?

छातीत धडधड, हातापायाला घाम, रात्री तीनला दचकून जाग. साधनेनं बरं होईल का?

आधी डॉक्टर. धडधडीमागं थायरॉइड असू शकतो, रक्त कमी असू शकतं, हृदयाचंही काही असू शकतं. ते बघून घेतल्याशिवाय मला विचारू नका. सगळं ठीक निघालं आणि तरीही होतंय, तर मानसोपचारतज्ज्ञाकडं जा. त्यात लाजायचं काय? रक्तदाबाच्या गोळीला आपण 'श्रद्धा कमी पडली' म्हणत नाही. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्री-अपरात्री लागतो, आपल्या भाषेत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर गुरुवारची वाट बघू नका, आत्ता लावा.

गोळी चालू असताना जप चालतो. जप चालू आहे म्हणून गोळी मनानं बंद करणं मात्र चालत नाही.

ऑफिसात गेलं की कन्नड येत नाही म्हणून घाम फुटतो. हीसुद्धा तीच भीती का?

तीच, आणि आपल्या सीमाभागात ही घरोघर आहे, फक्त कुणी भजनात विचारत नाही. पेन्शनच्या कामासाठी मी एका कचेरीत सात खेपा घातल्या. फॉर्म कन्नड, पाटी कन्नड, खिडकीतला माणूस मान वर न करता बोलायचा. मराठीत कागद मिळावेत हा आपला हक्क आहे आणि तो मागत राहायचाच, त्यात मी कुठं मागं हटत नाही. खरं खिडकीपुढं उभं राहून छाती का धडधडते, हा निराळा प्रश्न. शाळेत चाळीस वर्षं पोरांना उभं करून वाचायला लावलं, आता माझ्यावर ती पाळी आली होती, एवढंच.

आठव्या खेपेला पुराच्या रात्रीवाल्या अज्जीला सोबत नेलं. तिला वाचता येत नाही, मला बोलता येत नव्हतं. मी अक्षरं लावायची, तिनं अर्थ सांगायचा. काम झालं का? त्या दिवशी नाही झालं. पण परत येताना दोघींनी बसस्टँडवर कुंदा खाल्ला आणि मी कन्नड अक्षरं गिरवायला सुरुवात केली. बसवण्णांचं एक वचन तिनं मला शिकवलंय, दयेवाचून धर्म तो कसला, या अर्थाचं. मी तिला हरिपाठ.

मला कुणाची भीती नाही. घरातले मला भितात. त्याला काही साधना?

एका सद्गृहस्थांनी हे विचारलं आणि मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. चिकोडी-निपाणीकडच्या आपल्या जैन शेजाऱ्यांत चार दानं सांगतात: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. पहिल्या तिन्हींना पैसा किंवा विद्या लागते. चौथ्याला काही लागत नाही, म्हणून तेच राहून जातं. तुमची गाडी दारात थांबल्याचा आवाज आला की घरात टीव्ही बंद होतो का, ते बघा. तो चालू राहायला लागला की समजा दान पोचलं.

पोरं ऐकत नाहीत, मग बागुलबुवाची भीती घातली तर बिघडलं काय?

आज जेवतील. पुढची दहा वर्षं अंधारात संडासला एकटी जाणार नाहीत. तुम्हालाच उठावं लागेल.

मरणाची भीती?

सासूबाई घरीच गेल्या. शेवटचे काही दिवस अन्न सुटलेलं, चमच्यानं पेजेचं पाणी. मला वाटायचं त्यांना मरणाची भीती वाटते आहे, म्हणून उशाशी बसून गीतेचा दुसरा अध्याय वाचायचे. एका रात्री त्यांनी हात हलवून मला थांबवलं. "ते राहू दे. पाय धर." मी पाय धरले. बोटांवर जोडव्यांचे पांढरे वळ, साठ वर्षांचे. जोडवी केव्हाच काढून ठेवली होती, वळ गेले नव्हते. मग हळूहळू कळलं, भीती मरणाची नव्हती. रात्री तीनला डोळा उघडला आणि कोपऱ्यात कुणी नसलं तर, ही होती.

आम्ही पाळ्या लावल्या. मी, माझी जाऊ, नणंद, आणि मंगळवारची पाळी त्या शेजारच्या अज्जीची. ती काही वाचत नसे. पाय चेपायची आणि तिच्या भाषेत काहीबाही बोलत राहायची, पाऊस, शेंगांचा भाव, सुनेच्या तक्रारी. सासूबाईंना कन्नड चारच शब्द कळायचे. पण मंगळवारी त्यांना सर्वांत शांत झोप लागायची.

आत्मा अमर आहे हे मी मानते. रात्री तीनला मात्र पाय धरायला माणूस लागतो.

किती दिवसांत फरक पडतो?

चौकाला तीन आठवडे लागले. पाण्याची भीती मला अजून आहे. जून लागला की मागाखालच्या कांड्या मी वरच्या फळीवर ठेवते, आणि दर वेळी हात जरा कापतो.

मला गाता येत नाही. भजनाला आलं तर चालेल का?

निम्म्यांना येत नाही. टाळ घ्या, चुकला तर जोरात वाजवा. गुरुवारी साडेसात. पावसाळ्यात येताना बॅटरी आणा, गल्लीतला दिवा सारखा जातो.